वामनदादांची एक रात्र

(तालुका कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सभेच्या आधी गाणे कशासाठी ठेवतात, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण, निदान खाजगीत तरी, ‘गर्दी जमावी म्हणून’ असेच उत्तर देतील. वक्त्याची मोटार वेशीवर दिसली की शाहिराला खूण करावयाची आणि कडवे अर्ध्यावर तोडावयाचे, ही आपली जुनी रीत. मीही ती अनेक वर्षे पाळली. ज्या रात्री तिची मला लाज वाटली, त्या रात्रीविषयी आज बोलणार आहे.

१९८० सालचा एप्रिल महिना. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि त्यानंतर दलित वस्त्यांची जी राखरांगोळी झाली, तिला अजून दोन वर्षेही उलटली नव्हती. एस. एम. जोशींसारखे आपले नेते नामांतराच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, हे खरे. परंतु गावोगावचे आपले किती कार्यकर्ते त्या दिवसांत ओढ्यापलीकडच्या वस्तीत पोचले, हा हिशेब आपण कधी नीट मांडलेला नाही. त्या गावी तर मीच पहिल्यांदा ओढा ओलांडत होतो. पक्षाने मला रोजगार हमीवर वीस मिनिटे बोलण्यास धाडले होते. माझ्यानंतर वामनदादा कर्डक गाणार होते.

मी बोललो. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, काम मागणे हा आता हक्क आहे, वगैरे सर्व सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. शांतपणे म्हणजे कसे, हे आपणा वक्त्यांना वेगळे सांगावयास नको.

मग वामनदादा उठले. साधा वेश, सोबतीला पेटी आणि ढोलकी, मागे झील धरणारी दोन-तीन पोरे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मुंबईच्या गिरणीत राबलेला, मोठेपणी अक्षरे गिरवून लिहावयास शिकलेला हा माणूस. आवाज गोड म्हणता येणार नाही; पण शब्द असा सरळ यावयाचा की शेवटच्या रांगेतील म्हातारीलाही तो दुसऱ्यांदा विचारावा लागू नये. संतांच्या अभंगाप्रमाणे गाण्याच्या अखेरीस ‘वामन’ ही नाममुद्रा येई, आणि ती आली की लोक आपल्याच घरातल्या कोणाचे नाव निघावे तसे हसत. भीमराव कर्डकांच्या जलशाला बाबासाहेब आपल्या दहा सभांच्या तोलाचा मानीत, असे सांगतात. मला ते तोवर अतिशयोक्त सौजन्य वाटे.

बाबासाहेबांची गाणी झाली, संसाराची झाली. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनी ते प्रसिद्ध गाणे घेतले, ज्यात टाटा-बिर्लांची नावे घेऊन देशाच्या धनातील आमचा हिस्सा कोठे आहे, असा सवाल केलेला आहे. संपत्तीच्या विषम वाटपावर मी कितीतरी पुस्तिका वाटल्या होत्या, एक तर स्वतः लिहिली होती. तिच्यात आकडे होते; हा सवाल नव्हता. गाण्यात तो प्रत्येक धृपदाला परत येत होता, आणि तिसऱ्या वेळी तो पोरांऐवजी समोरची माणसेच म्हणू लागली.

गाणे संपले आणि बायकांच्या बाजूने एक बाई उभी राहिली. वामनदादांशी तिला काही बोलावयाचे नव्हते. तिने माझ्याकडे बोट केले. “भाऊ, तुम्ही मघा हमीचं सांगितलं. पाझर तलावावर तीन आठवडे खडी फोडली आम्ही. हजेरीपटावर बाराच दिवस मांडलेत. आमचा हिस्सा कुठंय, तुम्ही सांगा.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला कायदा पाठ होता, पण त्या तलावावर मी कधी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी गेलो. पुढे त्या हजेरीपटासाठी तहसील कचेरीवर चार खेपा झाल्या आणि निम्मी मजुरी कशीबशी सुटली. निम्मी अद्याप यावयाची आहे, असे ती बाई पुढे भेटेल तेव्हा मला हटकून ऐकवीत असे.

आपली कलापथके मी हिणवीत नाही. सेवा दलाच्या कलापथकाने आमची एक पिढी घडवली. परंतु ती गाणी आपण लोकांकडे घेऊन जात होतो. या वस्तीत गाणे आधीच तेथले होते. पाहुणा मीच होतो.

पहाटे मंडप उठला तेव्हा ते हिश्श्याचे गाणे लिहून घ्यावे म्हणून मी वही काढली. वामनदादा चहा घेत लोकांशी बोलत होते. त्यांना कशाला त्रास द्यावा म्हणून झील धरणाऱ्या एका पोराला बसवून घेतले. तो सांगू लागला, मी लिहू लागलो. दोन कडवी झाल्यावर त्याने माझ्या वहीत डोकावले आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही फार हळू लिहिता.”