घाट उतरताना

गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला जग दोन गोष्टी विचारतं. पहिली, 'ॲव्हरेज किती देते?' आणि दुसरी, 'घाटात दम टाकते का?' चढताना दम टाकते का, असंच विचारायचं असतं. उतरताना गाडी कशी वागते हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. खरं तर चढावर गाडी फार फार तर बंद पडते. जिवावर बेततं ते उतारावर. म्हणून आज उताराविषयीच बोलतो.

आपल्याकडे एक समजूत फार खोल रुजली आहे. घाटमाथा आला की गाडी न्यूट्रल करायची. काही धाडसी मंडळी तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात आणि कुंभार्ली, आंबा किंवा आंबोलीचा उतार गाडी फुकटात उतरली म्हणून खुशीत असतात. ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. तेव्हा त्यातून थोडंफार पेट्रोल वाचतही असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि गाडीतला संगणक इंधन तोडतो. त्या वेळी पेट्रोल जवळजवळ शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी थेंब थेंब इंधन जळतच असतं. म्हणजे बचतीसाठी केलेला उद्योग खर्चाचाच ठरतो.

पण पेट्रोल ही किरकोळ गोष्ट. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. समजा, माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरते आहे. एवढी उंची उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर मोठी बादलीभर, म्हणजे सुमारे २० लिटर पाणी उकळेल! त्यातला काही भाग वारा आणि टायर खातात. उरलेला इंजिनाने रोखला नाही, तर सगळा ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पॅडची पकड सुटत जाते. पुढची पायरी ब्रेक ऑइलची. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून थेट तळाला जातं. 'ब्रेक फेल झाले' असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा घडलेलं असतं ते हेच.

इंजिन बंद करणाऱ्यांचं तर विचारूच नका. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा पेडल दाबलं की ती मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. चावी बाहेर काढली, तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं, आणि तेही वळणावर!

यावर उपाय जुनाच आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. गिअर उतार सुरू होण्याआधीच खाली घ्यावा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. ठाम दाबावा, वेग कमी करावा आणि सोडून द्यावा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती कुठे आहे हे घरीच बघून ठेवावं. करपल्याचा वास आला, तर सुरक्षित जागा बघून थांबावं आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. वर पाणी ओतू नये. आणि अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी. हा निव्वळ शिष्टाचार नाही, वाहतुकीचा नियम आहे.

देखभालीचं म्हणाल, तर आपली तऱ्हा मोठी गमतीची. पुढे टांगलेली लिंबू-मिरची दर शनिवारी नवी. सीट कव्हर नवं, गाणी वाजवायचं यंत्र नवं. ब्रेक ऑइल मात्र गाडी शोरूममधून आली तेव्हाचंच! ते साधारण दोन वर्षांनी बदलावं. त्याचा खर्च सीट कव्हरपेक्षा कमीच येतो. पॅड किती उरले आहेत, हे सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीला चाक काढून दाखवायला सांगावं. टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचा. पावसाळ्यात घाटात जाणार असाल, तर त्याच्याही आधी.

गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आपण घाट उतरून गावी जातो. मागच्या सीटवर आई असते, मुलं झोपलेली असतात. समोरून एसटी चढत असते, तिच्यातही कुणाची तरी आई, कुणाची तरी मुलं असतात. यांपैकी कुणीही आपल्याला 'गाडी गिअरमध्ये आहे ना?' असं विचारत नाही. ते आपल्यावर विश्वास टाकून बसलेले असतात. तेव्हा यंदा घाटमाथ्यावर चहाला थांबलात, की निघताना एवढंच करा. गाडी सुरू करा, दुसरा गिअर टाका आणि निवांत उतरा. गाव कुठे पळून जात नाही.