जीप म्हातारी झाली म्हणून बंद पडत नाही
(जिल्हा मेळाव्यात कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



कापसाच्या भावावर पुढचे वक्ते बोलतील. आम्ही आज जीपवर बोलणार आहोत. हसू नका. पावसाळ्यात काळ्या रानातली पांदण बैलबंडीलाही जड जाते, तिथं चारही चाकं ओढणारी जुनी जीपच कामी येते. बी-खत तीच नेते, सभेला माणसं तीच आणते आणि रात्री-अपरात्री पेशंटही तीच नेते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्यानंतरच्या एका हंगामात आमच्याकडे एका मजुराला फवारणीची बाधा झाली. रात्रीची वेळ, वरून पाऊस. जीप पांदणीत गचके देऊन बंद पडली. बंडीत घालून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. दीड तास गेला. माणूस वाचला, पण आमच्या हुशारीनं नव्हे. आम्ही म्हणालो, "जीप म्हातारी झाली, विकून टाका."

महिनाभरानं मुंबईला निघालो. घोडबंदर रस्त्यानं अहमदाबाद महामार्गाकडे येताना काशीगावजवळ तेच गचके. तिथल्या एका मिस्त्रीनं डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल केला आणि काचेच्या बाटलीत डिझेल धरलं. दोन बोटं पाणी तळाशी बसलं. तो म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. पाणी कधी काढलं होतं?" आम्ही गप्प. शेतीची पदवी घेतलेले आम्ही, माती तपासा म्हणून गावोगाव सांगणारे, आणि गोठ्यातल्या उघड्या ड्रममधलं डिझेल टाकीत ओतत होतो! त्या रात्री दोष जीपच्या वयाचा नव्हता, आमचा होता.

महिंद्रानं मुंबईत विलिज जीप जोडायला १९४०च्या दशकात सुरुवात केली. काशीगावहून कांदिवलीचा त्यांचा कारखाना फार लांब नाही. ही गाडी साधी आहे. पान्हा चालवता येणाऱ्याला ती कळते. म्हणून ही कामं आपणच करायची.

डिझेल गाळून भरा, फिल्टरमधलं पाणी दर आठवड्याला काढा. पाणी पंपात गेलं तर खर्च फिल्टरचा राहत नाही, पंपाचा होतो. एअर फिल्टरला तेलाची वाटी असेल तर धुळीच्या दिवसांत ती वरचेवर उघडा. तळाशी गाळ बसला की तेल बदला. ती धूळ इंजिनात गेली तर पिस्टन खाते.

पुढच्या चाकांचा लिव्हर चिखलात टाका, डांबरी रस्त्यावर काढा. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर तो गिअर आणि जॉइंटवर बसतो. याच कारणानं चारही टायर एका मापाचे हवेत. पण लिव्हर वर्षभर पडूनही ठेवू नका. महिन्यातून एकदा मऊ रानात थोडं अंतर चालवा, म्हणजे तेल सगळीकडे फिरतं.

नाल्यातून गाडी काढली की दोन्ही डिफरन्शियलचं तेल बघा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं, लगेच बदला. ब्रेक दाबत थोडं चालून ड्रम वाळवा. काळी माती ओल धरून ठेवते आणि चेसिस सडवते, म्हणून पाटे, जॉइंट आणि चेसिस खालून धुवा. मग ग्रीस भरा, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढं दर पाच वर्षांनी. गाडी धड असेल तर तपासणीला घाबरायचं कारण नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याला तूप-हळद लावतो. जीपचंही तसंच समजा. आमची एकच सूचना आहे: ज्या तालुक्याकडे जीप आहे, त्यानं एक वही घालावी. तेल कधी बदललं, पाणी कधी काढलं, ग्रीस कुणी भरलं, तारखेसह लिहावं. पहिली तपासणी मृगाच्या आधी, दुसरी फवारणी सुरू होण्याआधी. पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. आमची वही आम्ही सर्वांत आधी दाखवू.