डिझरायलींच्या कादंबऱ्या आणि त्यांचे राजकारण

राजकारणी माणसाचे विचार पाहायचे तर आपण त्याची भाषणे चाळतो. बेंजामिन डिझरायली यांच्या मात्र कादंबऱ्याच उघडायला हव्यात.

१८२६ साली ‘व्हिव्हियन ग्रे’ आली तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. तिचा नायक सत्तेसाठी धडपडतो. पण सत्ता कशासाठी, हे त्याला ठाऊक नाही. १८३७ मध्ये डिझरायली पार्लमेंटात गेले आणि १८४४ च्या ‘कॉनिंग्जबी’त त्यांनी आपल्याच टोरी पक्षाला विचारले : अहो, तुम्हांला राखायचे तरी काय आहे? पुढल्याच वर्षी ‘सिबिल’मध्ये ते गिरणीमजुरांच्या नि खाणकामगारांच्या वस्तीत शिरले. एका राज्यात श्रीमंत व गरीब अशी दोन राष्ट्रे नांदतात, हे त्यांनी दाखविले. १८७५ साली त्यांच्या सरकारने मजुरांची घरे व सार्वजनिक आरोग्य यांसंबंधी कायदे केले. तपशील इतरांचा खरा, पण दिशा ‘सिबिल’चीच.

आता १८४७ ची ‘टँक्रेड’ घ्या. तीतला एक अमीर सुचवितो, इंग्लंडच्या राणीने आपली गादी लंडनहून दिल्लीला न्यावी! वाचकांना ती गंमत वाटली असेल. पण १८७६ साली याच लेखकाने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी ठरविणारा कायदा संमत करून घेतला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला, तेव्हा इकडे दख्खनेत माणसे दुष्काळाने मरत होती.

‘सिबिल’च्या लेखकाला इंग्लंडचा उपाशी मजूर दिसला, सोलापूरचा उपाशी कुणबी दिसला नाही. त्यांच्या विचारांची झेप आणि मर्यादा, दोन्ही कादंबऱ्यांतच आधी लिहिलेल्या होत्या.