'स, ला, ते' आणि स्पॅनिश
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'स्पॅनिशचे निवृत्त प्राध्यापक' अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला. साहजिकच आहे. दहावीला इंग्रजीत मी जेमतेम पास झालो होतो, हे त्या बाकांना पक्कं ठाऊक आहे.

बारावीनंतर दिल्लीला गेलो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश अगदी मुळाक्षरांपासून शिकवतात, म्हणून धाडस केलं. पण वर्गातली बाकीची मुलं फाडफाड इंग्रजी बोलणारी. महिनाभर मी तोंड उघडलं नाही. जालन्याला परत यायचं मनात पक्कं झालं होतं.

मग एके दिवशी फळ्यावर वाक्य आलं, 'मे गुस्ता एल मांगो'. म्हणजे, मला आंबा आवडतो. आंबे अनेक असले, की 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं. इंग्रजीतून विचार करणारी मुलं अडखळली. आवडणारा मी, मग क्रियापद आंब्याप्रमाणे का बदलायचं? मला कोडंच पडलं नाही. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. 'मे' म्हणजे आपलं 'मला'. बाईंनी घोकून घेतलेली चतुर्थी, 'स, ला, ते', दिल्लीत कामाला आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा हात वर केला. बॅग भरायची राहिली, ती राहिलीच.

पुढे तीस वर्षं मी विद्यापीठात स्पॅनिश भाषा आणि साहित्य शिकवलं. गावी आलो की लोक विचारायचे, "आपला नि स्पॅनिशचा काय संबंध?" मी पांडुरंग खानखोजे यांचं नाव सांगायचो. वर्ध्याचे हे क्रांतिकारक मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. बियाण्यांवर नाव कमावलेल्या जालन्याला हा माणूस वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

पण मागच्या दिवाळीत बाईंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "अरे, एवढं लिहिलंस, त्यातलं मला वाचता येईल असं काय आहे?" मी गप्प. माझे सगळे लेख इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. ज्या भाषेच्या जोरावर टिकलो, तिच्यात एक पानही नाही.

म्हणून आज थोडं घेऊन आलोय. हुआन रामोन हिमेनेस या कवीचं 'प्लातेरो आणि मी' हे पुस्तक 1914 साली आलं. याच कवीने पत्नी सेनोबियासह रवींद्रनाथांना स्पॅनिशमध्ये नेलं. 1956 साली त्याला नोबेल मिळालं. पुस्तकात एक कवी, त्याचं गाढव आणि त्यांचं छोटं गाव. उन्हाची वाट, विहीर, दारात खेळणारी पोरं. आपल्या मुलांना यात परकं वाटेल असं फार थोडं आहे. त्यातली पाच प्रकरणं मराठीत केली आहेत. शाळेच्या वाचनालयात ठेवण्याआधी ती बाईंच्या हाती देतो.

बाई, लाल पेन सोबत आणला आहे. शुद्धलेखन तपासून द्या.