चक्कर येऊन पडण्याआधी काय झालं होतं?



रेशनच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, नाहीतर भर उन्हात खुरपताना एखादी बाई भोवळ येऊन पडते. बायका धावतात. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी तोंडात पाणी ओततं. ती डोळे उघडते आणि म्हणते, "काही नाही गं, उपास होता." विषय तिथंच संपतो. आज मला त्याच विषयावर बोलायचं आहे.

माझी मावशी ओसरीवर बसून गहू निवडत होती. बोलता बोलता सूप हातातून सुटलं आणि ती आडवी झाली. ना घाम, ना मळमळ, ना डोळ्यांपुढे अंधारी. मिनिटभरात उठली आणि पुन्हा सूप पुढे ओढलं. आम्ही अशक्तपणा समजून गूळ-शेंगदाणे सुरू केले. महिन्याभरानं ती पुन्हा तशीच पडली, या वेळी चुलीपाशी. हात भाजला म्हणून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी नाडी धरली, तर मिनिटाला छत्तीस ठोके! हृदयाला ठोका द्यायला जी बारीक वीज वाहते, तिची वाट अडत होती. ईसीजीत ते दिसलं. पेसमेकर बसवला आणि मावशी आज नातवाला शाळेत सोडायला जाते. पण त्या दोन्ही वेळी ती विहिरीवर नव्हती, हे आमचं नशीब.

आता लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा भोवळ साधीच असते. खूप वेळ उभं राहिलं, ऊन लागलं, पाणी कमी प्यायलं, रक्त पाहिलं, की रक्तदाब एकदम उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. आधी घाम सुटतो, मळमळतं, कानात गुणगुणतं. आडवं झालं की रक्त परत मेंदूकडे जातं आणि शुद्ध येते.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. तिथं सात हजारांहून जास्त माणसांवर सरासरी सतरा वर्षं लक्ष ठेवलं आणि २००२ साली निष्कर्ष छापला. साध्या भोवळीनं पडलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त नव्हता. हृदयाच्या कारणानं पडलेल्यांना मात्र तो दुप्पट होता. पडणं वरून सारखंच दिसतं, पण त्यामागचं कारण वेगळं असतं.

मग ओळखायचं कसं? पडण्याआधी काय झालं होतं, ते विचारा. हंडा घेऊन चढ चढताना, ओझं उचलताना, काम ऐन जोरात असताना पडली का? बसल्या किंवा झोपल्या जागी शुद्ध गेली का? काहीच चाहूल न लागता कोसळली का? आधी छातीत धडधडलं, दुखलं, दम लागला का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब आहे असं सांगितलं होतं का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ईसीजी काढून घ्या. तो काढताना दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत होतो. एकदा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पुन्हा पडली, तर पुन्हा दाखवा. कधी कधी चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र लावावं लागतं.

साधी भोवळ वाटली तरी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्याच. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण मनानं बंद करू नका. गरोदर बाई पडली, तर वाट बघू नका.

कुणी पडलं तर गर्दी हटवा, उताणं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा. दिवस भरत आलेली बाई असेल तर डाव्या कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. कांदा नको, चप्पल तर नकोच. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, किंवा छातीत दुखत असेल, तर १०८ ला फोन करा. श्वासच चालत नसेल, तर फोन लावून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा, गाडी येईपर्यंत.

आणि एक काम तुमच्याकडे. पडणाऱ्या बाईला स्वतःला काही आठवत नाही. पाहिलेलं असतं शेजारणीनं, जावेनं, सुनेनं. म्हणून तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा: काय करत होती, रंग कसा झाला, किती वेळानं उठली. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना विचारा, "वर्षभरात कुणी पडलं होतं का गं?" एखादी हळूच हात वर करील. तिला एकटीला पाठवू नका.