शेगडी विझल्यावर



मे महिन्याच्या संध्याकाळी, डोक्यावर पंखे गरगरत असताना, लाकडाच्या शेगडीवर बोलायला उभा राहिलेला माणूस पाहून काहींनी निमंत्रणपत्रिका पुन्हा उघडून बघितली असेल. पण वेळ बरोबर साधली आहे. नॉर्वे, डेन्मार्क, इंग्लंड, अमेरिकेतलं व्हरमाँट, इथल्या घराघरांतल्या बिडाच्या शेगड्या याच सुमाराला विझतात आणि पुढचे चार-पाच महिने तशाच पडून राहतात. आपल्यापैकी कुणाची लेक तिकडे असेल, कुणाचा भाचा. थंडीच्या तोंडावर त्यांचा फोन येतो, ‘बाबा, शेगडीचा बोल्ट काही केल्या निघत नाहीये.’ तो बोल्ट थंडीत जाम झालेला नसतो. तो आत्ता, शेगडी गार असताना जाम होत असतो. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

आधी या शेगडीची बांधणी समजून घेऊ. बीड ओतता येतं, पण त्याला वेल्डिंग फारसं मानवत नाही. म्हणून तळ, पाठ, बाजू, माथा असे वेगवेगळे पत्रे ओतायचे, कडांच्या खाचा एकमेकींत बसवायच्या, सांध्यात लुकण भरायचं आणि वरून खालपर्यंत लांब बोल्ट घालून सगळं आवळायचं. ही युक्ती जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं आपल्या शेगडीवर १७४४ साली पुस्तिका काढली, तिच्यात बिडाचे पत्रे आट्यांच्या बारीक सळ्यांनी आवळायला सांगितलं आहे. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाला हा ताप नव्हता. झाळकाम केलेलं अंग आणि खाली नुसती टेकवलेली जाळी, आवळायचं काय?

आता बोल्टवर काय काय गुदरतं ते पाहू. शेगडी पेटलेली असताना आगीच्या थेट वर जी आडवी पाटी असते, बॅफल म्हणतात तिला, तिथले बोल्ट ६०० अंशांच्या घरात सहज जातात. या तापमानाला लोखंडाचा हवेतल्या प्राणवायूशी थेट संयोग होतो आणि काळी खपली धरते. ही खपली मूळ लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जागा घेते. ओलाव्यानं धरणारा तांबडा गंज त्याहूनही जास्त घेतो. बोल्टच्या आणि नटच्या आट्यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. गंजाला बाहेर पसरायला वाव नाही, मग तो तिथेच ठासून बसतो. पाना लावल्यावर आपण त्या ठासलेल्या गंजाशी झगडत असतो, आणि बोल्टची मान त्याआधी हार खाते.

हे झालं पेटत्या शेगडीचं. विझल्यानंतरचं नुकसान मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याकडे कुणाचं लक्षच नसतं. लाकूड ओलं असलं, म्हणजे त्यात वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी असलं, की ते जळण्यापेक्षा धुमसतं. त्या धुरात ॲसेटिक आम्ल असतं, तेच जे आपल्या व्हिनेगरमध्ये असतं. शिवाय फॉर्मिक आम्ल. हा धूर गार भागावर थिजला की काळं, चिकट, आंबूस डांबर तयार होतं आणि आट्यांच्या तोंडाशी जमतं. दुसरीकडे जाळीखाली राख राहिलेली असते. कुणी म्हणेल, राख अल्कधर्मी, तिनं लोखंड कसं गंजेल? शंका रास्त आहे. पण राखेतले पोटॅशचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि राखेत थोडं क्लोराइडही असतं. ओल आणि क्लोराइड एकत्र आले की अल्कधर्माचं संरक्षण टिकत नाही. समुद्रकाठचे लोक वाहून आलेली लाकडं हौसेनं जाळतात, त्यात तर मीठच मुरलेलं असतं. त्यात भर म्हणून वसंतात बाहेरची कोमट, दमट हवा धुराड्यातून खाली उतरते आणि त्या जड, गार बिडावर घाम धरतो. धुराड्यावर टोपी नसेल तर पाऊसही आत येतो.

त्यामुळे बोल्टची निगा बोल्टपासून सुरू होत नाही. शेवटचा जाळ झाला, शेगडी गार झाली, की राख पूर्ण काढायची, कोपऱ्यांतलीसुद्धा. धुराडं झाडून घ्यायचं. तारेच्या ब्रशानं काजळी खरवडायची. आणि दार किंचित किलकिलं, हवेच्या झडपा उघड्या ठेवायच्या, म्हणजे वारं खेळतं राहील. दार घट्ट लावून वर शोभेची कुंडी ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या शेगड्या ओल कोंडून बसतात.

मग बोल्टकडे वळायचं. वर्षातून एकदा, याच दिवसांत, प्रत्येक सुटा बोल्ट सैल करायचा, आटे घासायचे आणि जॅमरोधक लेप लावायचा. साधं ग्रीस इथे कामाचं नाही. ते दोनशे अंशांच्या आसपास पातळ होऊन गळतं, उरलेलं जळून कोळसा होतं आणि तो कोळसाच आटे धरून ठेवतो. लेपात तांब्याची किंवा निकेलची बारीक पूड असते. वंगण जळून गेलं तरी पूड आट्यांत राहते आणि लोखंडाला लोखंड भिडू देत नाही. तांब्याचा लेप सुमारे १००० अंशांपर्यंत चालतो, निकेलचा १३०० पर्यंत. ग्राफाइटचा भरवसा आगीजवळ धरू नये, ४५०-५०० अंशांच्या पुढे उघड्या हवेत ते हळूहळू जळून जातं. लेप पातळ लावा, आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखालीही. एक खबरदारी घ्यायची: लेप लावलेला बोल्ट त्याच जोरात जास्त ताणला जातो, म्हणून नेहमीपेक्षा पाव हिस्सा तरी कमी आवळा.

बोल्ट कोणता, यावर आमच्या क्षेत्रात फार फुशारक्या चालतात. ‘हायटेन्साइल टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. पण ८.८ प्रतीच्या बोल्टची ताकद पोलाद तापवून, विझवून आणि पुन्हा बेताचं तापवून आणलेली असते; हे शेवटचं तापवणं किमान ४२५ अंशांचं. शेगडीत त्याहून जास्त ताप बसला की जास्तीची ताकद गेली, आणि तिचेच तर पैसे मोजले होते. पांढरे चकचकीत जस्ताचे बोल्टही नकोत. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि त्याचा धूर नाकात जाऊ नये असाच.

स्टेनलेसची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. ते सहसा गंजत नाही हे खरं, पण स्टेनलेसवर स्टेनलेस चावतं. कोरडा नट भराभर फिरवला की आटे एकमेकांत रुततात आणि नवाकोरा बोल्ट जागच्या जागी चिकटतो. लेप लावून, हातानं, सावकाश फिरवावा. दुसरा दोष प्रसरणाचा. १०० मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट ३०० अंशांनी तापला की बिडापेक्षा जवळपास ०.१८ मिलिमीटर जास्त वाढतो. आवळताना आपण त्याला साधारण तेवढंच ताणलेलं असतं! म्हणजे ऐन थंडीत, शेगडी रसरसलेली असताना, आवळण सुटलं आणि सांध्यातून हवा शिरायला लागली. साध्या पोलादाच्या बोल्टला हा फरक त्याच्या पाव हिस्सा पडतो. म्हणून माझा कौल असा: लांब आवळसळ्या साध्या पोलादाच्या, आतले आखूड बोल्ट स्टेनलेसचे, आणि बाहेरच्या गार बाजूला शक्य तिथे पितळी नट. पितळ पोलादाशी गंजून एकजीव होत नाही, आणि नट अडलाच तर चिरून काढता येतो.

आधीच जाम झालेल्या बोल्टला घाई चालत नाही. गार शेगडीवर आत झिरपणारं तेल रात्रभर सोडा. सकाळी गॅसच्या बत्तीनं नट तापवा, बोल्ट नव्हे. पण त्याआधी तेल नीट पुसून काढा, दार-खिडक्या उघडा. नट प्रसरण पावतो, गंजाची पकड तडकते. पाना आधी किंचित आवळायच्या दिशेनं द्या, मग उलट, पुढे-मागे, पुढे-मागे. हातोडी मारायची तर मागे जड लोखंड धरून, बीड ठिसूळ असतं. मोडलाच तर ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ६.८ चं भोक पाडून नवे आटे मारता येतात. मी स्वतः तिथे आरपार भोक पाडून नट-बोल्टच घालतो, पुढच्या वेळी काढायला सोपं.

दाराच्या काचेच्या चिमट्यांचे स्क्रू मात्र वेगळे. ही काच सिरॅमिक असते, तापल्यावर जवळजवळ वाढतच नाही. भोवतालची बिडाची चौकट वाढते. स्क्रू करकचून आवळले तर काचेला हलायला जागा राहत नाही आणि ती तडकते. तिथे दोरीची पट्टी घालून, लेप लावून, बोटांच्या जोरानं आणि वर जेमतेम पाव फेरा. तेवढ्यावर पाना खाली ठेवा.