नखाची बुरशी : औषधाआधी तपासणी



जव्हारकडच्या पाड्यांवर आवणीच्या दिवसांत माणसे दिवसभर अनवाणी चिखलात राबतात. कोणाच्या अंगठ्याचे नख पिवळे, जाड होते. कोणाचे भुगा होऊन सुटते. दुखू लागले की दुकानातले मलम येते, नाहीतर कोणाच्या तरी उरलेल्या गोळ्या.

नखाला लागणारी बुरशी बहुधा गजकर्णाच्या कुळातली असते. पण माती आणि कुजक्या पाल्यात वाढणाऱ्या फ्युझॅरियम, अ‍ॅस्परजिलस, स्कोप्युलॅरिऑप्सिस या बुरश्याही नखात शिरतात, विशेषतः ठेच लागून नख दुखावले असेल तर. नुसते पाहून फरक कळत नाही. सोरायसिसचे नखही तसेच दिसते. गजकर्णावरची ग्रिझिओफुल्विनची गोळी या मातीतल्या बुरश्यांवर चालत नाही. पायाचे नख पूर्ण नवे यायला 12 ते 18 महिने लागतात. चुकीच्या औषधात तेवढा काळ वाया जातो, आणि मधुमेह असलेल्याच्या पायाला तो महाग पडतो.

म्हणून आधी तपासणी हवी. नख स्पिरिटने पुसून, निरोगी भागालगतचा नखाखालचा भुगा खरवडून घेतात. थोडा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. उरलेला वाढीसाठी ठेवतात. त्याला काही आठवडे लागतात. या बशीत अनेकदा सायक्लोहेक्झिमाइड घातलेले असते, आणि ते मातीतल्या बऱ्याच बुरश्यांची वाढ रोखते. म्हणून त्याशिवायची दुसरी बशीही लागते.

पण बशीत उगवली म्हणजे तीच रोगाचे कारण, असेही नाही. शेतातल्या पायावर ती नुसती चिकटलेली असू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली धागे दिसले आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यातही तीच उगवली, तर डॉक्टरांना भरवसा येतो.

अडते ते याच दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा माणूस येतो. दुसऱ्यांदा यायचे म्हणजे पुन्हा गाडीभाडे, पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडणार. आपण औषधांसाठी मनापासून देता, त्याबद्दल आभार. यंदा माझे मागणे वेगळे आहे : त्या दुसऱ्या खेपेचे भाडे द्या. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. या पायांना योग्य औषध मिळावे, एवढे आपण करू शकतो.